कंदील लावून खेळा: ‘लँटर्न ऑफ इनसाइट’ या कार्डाचा फेरविचार

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातलं ‘लँटर्न ऑफ इनसाइट’ (आमच्या भाषेत कंदील) टेबलावर आलं तरी वरवर पाहता काहीच घडत नाही. कोणाला मार बसत नाही, हातात जास्तीचं कार्ड येत नाही, माना (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा) वाढत नाही. एक माना खर्चून ते खाली ठेवायचं, आणि त्यानंतर सगळ्या खेळाडूंनी आपापल्या गठ्ठ्याचं वरचं कार्ड उताणं ठेवून खेळायचं. दुसरी क्षमता आहे ती हे कार्ड टॅप करून (म्हणजे वापरल्याची खूण म्हणून आडवं करून) त्याचाच बळी देण्याची. मग आपण सांगू त्या खेळाडूला गठ्ठा पिसावा लागतो. संपलं. मॅजिकच्या हजारो कार्डांत इतकं निरुपद्रवी दिसणारं कार्ड कोणी सहसा वेगळं काढून ठेवत नाही. मी चार प्रती ठेवल्यात, आणि साठ कार्डांचा डेक घेऊन घरगुती खेळणाऱ्यांनी त्या घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचा अड्डा रत्नागिरीत, माझ्या औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भरतो. एप्रिल-मेमध्ये कोणी फिरकत नाही, आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाड्याचा आमचा एक गडी ट्रॉलरवरून मोकळा होतो आणि खेळाला खरा रंग चढतो. शाळेत गणित शिकवणारे एक सर येतात, मालवणहून नोकरीसाठी आलेला एक जण येतो. कार्डं मुंबई-पुण्याहून कुरियरने येतात, नाहीतर गणपतीला येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याच्या बॅगेतून. महागडी कार्डं आमच्यात कोणाकडेच फारशी नाहीत. हे आधी सांगून ठेवतो, कारण या कार्डाबद्दल जे काही बोललं जातं ते बहुतेक मोठ्या स्पर्धांच्या हिशेबाने असतं, आणि तिथेच आमच्यासारख्यांची दिशाभूल होते.

हे कार्ड आलं जून २००४ मध्ये, ‘फिफ्थ डॉन’ या संचात. त्याच संचात क्रूसिबल ऑफ वर्ल्ड्स होतं, वेदाल्कन शॅकल्स होतं, एटर्नल विटनेस होतं. तेव्हा स्टँडर्डमध्ये (फक्त ताज्या संचांच्या स्पर्धाप्रकारात) आर्कबाउंड रॅव्हेजर या कार्डाचा इतका धुमाकूळ होता की पुढच्या मार्चमध्ये रॅव्हेजर आणि आर्टिफॅक्ट लँड्स (आर्टिफॅक्ट म्हणजे वस्तूचं कार्ड, लँड म्हणजे माना देणारं कार्ड) यांच्यावर बंदी आणावी लागली. त्या गोंधळात कंदिलाकडे कोण बघणार? ऑक्टोबर २००४ मध्ये तर ‘सेन्सेज डिव्हायनिंग टॉप’ आलं. ते आपल्या गठ्ठ्याची वरची तीन कार्डं गुपचूप दाखवतं आणि हवी तशी लावूही देतं. दोन्ही कार्डं एकेका मान्याची. तुलना झाली आणि कंदील बाजूला पडला.

मग सप्टेंबर २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या ग्रां प्रीत झॅक एल्सिक हा खेळाडू चार कंदील असलेला डेक घेऊन उतरला आणि जिंकला. कार्ड छापून अकरा वर्षं झाली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओला झालेल्या ‘रायव्हल्स ऑफ इक्सलान’ प्रो टूरमध्ये अर्जेंटिनाच्या लुईस साल्व्हाट्टोने याच प्रकारच्या डेकने विजेतेपद मिळवलं. जानेवारी २०२० मध्ये मॉडर्नमध्ये (जुने संचही चालणाऱ्या स्पर्धाप्रकारात) या डेकला माना पुरवणाऱ्या मॉक्स ओपल या कार्डावर बंदी आली तेव्हा ‘आता कंदील विझला’ असं पुष्कळांनी धरून टाकलं. ती बंदी डिसेंबर २०२४ मध्ये उठली. पण ओपल असो वा नसो, ज्याच्या जोरावर कंदील जिंकतो ते गणित ओपलमध्ये नव्हतंच.

ते गणित आमच्या सरांनी एकदा औषधाच्या बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं, ते तसंच इथे देतो.

कंदिलाच्या जोडीला ‘कोडेक्स श्रेडर’ लागतो. हाही एक मान्याचा, २०१२ च्या ‘रिटर्न टू रॅव्हनिका’ संचातला. टॅप केला की आपण निवडू त्या खेळाडूच्या गठ्ठ्याचं वरचं कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या, उडालेल्या कार्डांच्या ढिगात) जातं. नुसता श्रेडर म्हणजे आंधळा मार. काय उडवतोय ते कळत नाही, वाईट उडालं तर खालून चांगलं येतं. कंदील लागला की तेच कार्ड डोळस होतं. समोरच्याच्या अपकीपला, म्हणजे त्याच्या पाळीत तो कार्ड उचलण्याआधी, वरचं कार्ड दिसतंय. नडणारं असलं तर उडवायचं, नसलं तर घेऊ द्यायचं. उडवल्यावर खालचं कार्ड वर येतं, तेही दिसतं. दुसरा श्रेडर असला तर तेही उडवता येतं. म्हणजे दोन श्रेडर असतील तर समोरच्याच्या हातात नडणारं कार्ड पडायला ओळीने तीन कार्डं नडणारी यावी लागतात.

आता धरा, त्याच्या गठ्ठ्यातलं दर तिसरं कार्ड आपल्याला खरोखर नडणारं आहे. कंदील नसताना प्रत्येक उचलीला धोका एक तृतीयांश. कंदील आणि एक श्रेडर असताना एक नवमांश, म्हणजे साधारण ११ टक्के. दोन श्रेडर असले तर सत्तावीसात एक, चार टक्क्यांच्या आत. तीन असले तर एक्याऐंशीत एक. समोरचा माणूस दर पाळीला कार्ड उचलतोच आहे, त्याला तसं वाटतंही की खेळ चालू आहे, पण हातात फक्त लँड्स आणि निकामी कार्डं जमत जातात.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, मग श्रेडर वाढवा. मला याच्या पुढचं म्हणायचं आहे. गणितातली खरी ताकद त्या पहिल्या ‘एक तृतीयांश’मध्ये आहे. तो आकडा दोनात एक झाला तर दोन श्रेडर असतानाही धोका आठात एक होतो, म्हणजे साडेबारा टक्के. तो पाचात एक झाला तर सव्वाशेत एक. कंदिलाची किंमत ठरते ती समोरच्याच्या गठ्ठ्यातली किती कार्डं तुम्ही आधीच निकामी करून ठेवली आहेत यावर. कंदील लावण्याआधी तुम्ही काय बांधून ठेवलं, तेच कंदिलाचं तेल.

म्हणून ‘एन्स्नेअरिंग ब्रिज’ या डेकमध्ये इतका महत्त्वाचा. १९९८ च्या ‘स्ट्राँगहोल्ड’मधलं हे तीन मान्याचं कार्ड. आपल्या हातात जितकी कार्डं त्याहून जास्त पॉवर (माराची ताकद) असलेल्या क्रीचर्सना (लढणाऱ्या प्राण्यांच्या कार्डांना) हल्ला करता येत नाही. आपला हात रिकामा ठेवला की समोरच्याची जवळजवळ सगळी क्रीचर्स उभी राहून बघत बसतात. वीस-पंचवीस क्रीचर्स असलेल्या डेकमधली ती सगळी कार्डं एका झटक्यात निकामी होतात आणि नडणाऱ्यांत उरतात फक्त आर्टिफॅक्ट फोडणारी मोजकी कार्डं. मग दोन श्रेडर पुरून उरतात.

पण ब्रिज महाग. आमच्यात कोणाकडे नाही, आणि त्याशिवाय कंदील नको ही समजूत खोडून काढायलाच मी हे लिहायला बसलो. आमच्या टेबलावर मी ‘प्रोपगँडा’ खेळतो. १९९७ च्या ‘टेम्पेस्ट’मधलं, तीन मान्याचं निळं कार्ड. माझ्यावर हल्ला करायचा तर प्रत्येक क्रीचरमागे दोन माना भरायचे. क्रीचर यामुळे मरत नाही, पण लंगडं होतं. सुरुवातीच्या पाळ्यांमध्ये समोरच्याकडे तीन-चार लँड्स असताना एकाने हल्ला करायचा की नवीन कार्ड खेळायचं, यातलं एकच होतं. त्यामुळे छोटी क्रीचर्स मी बिनधास्त उचलू देतो. उडवतो ती मोठी, ज्यांच्यासाठी दोन माना भरणं परवडेल अशी. नडणाऱ्या कार्डांचं प्रमाण ब्रिजइतकं खाली येत नाही हे खरं, पण एक तृतीयांशाच्या आसपास राहतं, आणि तेवढ्यावर डाव निघतो. सर पांढरा-निळा डेक करतात, ते प्रोपगँडाच्या जोडीला ‘घोस्टली प्रिझन’ घालतात. काम तेच, रंग पांढरा. दोन्ही खाली असली तर एका क्रीचरला चार माना पडतात, आणि मग ब्रिजची आठवणही येत नाही.

श्रेडर कधी वापरायचा, यावर नवीन खेळाडू सगळ्यात जास्त घसरतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. टॅप केलेला श्रेडर आपल्याच पाळीच्या सुरुवातीला मोकळा होतो. म्हणजे पूर्ण फेरीत तो एकदाच वापरायला मिळतो: एकतर आपल्या अपकीपला स्वतःच्या गठ्ठ्यावरचं नको असलेलं कार्ड उडवायला, नाहीतर समोरच्याच्या अपकीपला त्याचं उडवायला. आपल्या पाळीत वापरला की समोरच्याच्या पाळीत आपण निःशस्त्र. सुरुवातीला, आपल्याकडे अजून प्रोपगँडा आलेलं नसताना, मी स्वतःच्या गठ्ठ्यावर वापरतो, कारण तेव्हा त्याला अडवण्यापेक्षा मला माझं कार्ड सापडणं महत्त्वाचं असतं. बांधबंदिस्ती झाली की एकही श्रेडर स्वतःसाठी खर्च करायचा नाही. हा बदल नेमक्या कोणत्या पाळीला करायचा, त्यातच या डेकचं कसब आहे.

‘घूलकॉलर्स बेल’ला आम्ही घंटा म्हणतो. २०११ च्या ‘इनिस्ट्राड’मधली, हीपण एक मान्याची, फक्त ती दोघांचंही वरचं कार्ड उडवते. स्पर्धावाले तिला श्रेडरचा गरीब भाऊ समजतात. माझं मत उलट आहे. समोरच्याच्या अपकीपला घंटा वाजवली की त्याचं चांगलं आणि माझं नको असलेलं, अशी दोन्ही कार्डं एकाच टॅपमध्ये जाऊ शकतात. दोन्ही गठ्ठ्यांवरची कार्डं समोर उताणी असल्याने हा योग कधी जुळतोय ते दिसत असतं. जुळत नसेल तेव्हा श्रेडर वापरायचा, जुळला की घंटा. तीन श्रेडर आणि तीन घंटा हे प्रमाण मला सगळ्यात मानवलं.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. कंदील लागल्याबरोबर ‘ड्युरेस’ खेळा. एक काळा माना, समोरच्याचा हात उघडा होतो, आणि क्रीचर किंवा लँड नसलेलं एक कार्ड तुम्ही टाकायला लावता. टाकायला लावलेलं कार्ड दुय्यम. त्याचा हात आता तुम्ही पाहिलाय, आणि यापुढे तो जे जे उचलेल ते तुम्हाला उचलण्याआधी दिसणार आहे. म्हणजे एका मान्याच्या एका नजरेत त्याचा हात जवळजवळ डाव संपेपर्यंत तुमच्यासाठी उघडा राहतो. मी दुकानातल्या जुन्या वहीत त्याच्या हातातली कार्डं लिहीत जातो आणि खेळली की खोडतो. स्पर्धेच्या नियमांतही डाव चालू असताना टिपणं काढायला परवानगी आहे, त्यामुळे यात लबाडी नाही. मालवणचा गडी वैतागून म्हणाला होता, ‘‘माझ्या हातात काय आसा ता माझ्यापेक्षा तुकाच जास्त म्हायत!’’ अगदी तसंच होतं.

‘‘पण तुझंही वरचं कार्ड त्याला दिसतंच की,’’ असं लगेच कोणी म्हणेल. दिसतं. पण त्या माहितीचं तो करणार काय? माझ्या गठ्ठ्यावरचं कार्ड उडवायला त्याच्याकडे सहसा काही नसतं. निळा डेक असला तर काउंटरस्पेल (माझं खेळलेलं कार्ड रद्द करणारं कार्ड) कधी राखून ठेवायचं हे त्याला नीट कळतं, एवढा तोटा मान्य. उपाय म्हणजे आपला डेक एकाच कार्डावर अवलंबून ठेवायचा नाही. माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक वस्तूला पर्याय आहे, त्यामुळे एक अडवलं तर दुसरं येतं.

मिरकरवाड्याच्या गड्याने मात्र यातली खरी फट शोधली. तो ‘इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स’ खेळतो, अगदी साधं, स्वस्त लँड. ते तो लगेच वापरत नाही, टेबलावर राखून ठेवतो. मी निकामी कार्ड त्याच्या गठ्ठ्यावर राहू दिलं की तो वाइल्ड्सचा बळी देतो, लँड शोधतो आणि गठ्ठा पिसून टाकतो. वर नवीनच कार्ड. माझे श्रेडर तोवर शिल्लक असतील तर ठीक, नाहीतर पंचाईत. तेव्हापासून त्याच्यासमोर मी त्याच्या पाळीत शेवटचा श्रेडर अगदी गरज पडेपर्यंत राखून ठेवतो, आणि ‘पिथिंग नीडल’ (नाव घेतलेल्या कार्डाची क्षमता बंद पाडणारं कार्ड) घातलं तर वाइल्ड्सचं नाव घेऊन ती वाटच बंद करतो. कंदिलासमोर बसलेल्या कोणालाही मी हीच युक्ती सुचवेन: आपला गठ्ठा पिसू देणारी कार्डं आधीच वापरून टाकू नका, राखून ठेवा.

याच कारणामुळे कंदिलाची दुसरी क्षमता विसरता कामा नये. श्रेडर संपलेत, समोरच्याच्या गठ्ठ्यावर डाव उलटवणारं कार्ड दिसतंय, अशा वेळी कंदिलाचा बळी देऊन त्याला पिसायला लावायचं. कंदील गेला, पण ‘अकॅडमी रुइन्स’ हे लँड असेल तर दोन माना देऊन तो ग्रेव्हयार्डमधून आपल्या गठ्ठ्यावर परत ठेवता येतो. श्रेडरलाही अशीच एक दुर्लक्षित दुसरी बाजू आहे: पाच माना देऊन त्याचा बळी दिला की आपल्या ग्रेव्हयार्डमधलं कोणतंही एक कार्ड हातात येतं. स्वतःचं उडवलेलं काहीच कायमचं गेलेलं नसतं, हे लक्षात आलं की स्वतःवर घंटा वाजवायची भीती जाते.

हे कार्ड कुठे पडतं तेही सांगायला हवं. लाल डेकसमोर, जिथे दोन तृतीयांश कार्डं थेट चेहऱ्यावर मार करणारी असतात, तिथे दोन श्रेडर असतानाही धोका सत्तावीसात आठ, म्हणजे साधारण ३० टक्के राहतो. प्रोपगँडाचा तिथे काही उपयोग नाही. लाइटनिंग बोल्टच्या पावसात कंदील टिकत नाही. ग्रेव्हयार्डवर चालणारे डेकही त्रास देतात, कारण आपण उडवलेलं कार्ड त्यांना खाऊच. तिथे घंटेऐवजी ‘पिक्सिस ऑफ पँडेमोनियम’ बरं, ते वरची कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये न टाकता पालथी करून खेळाबाहेर नेतं. ‘स्टोनी सायलेन्स’ आलं तर कंदील उजेड देत राहतो, पण श्रेडर आणि घंटा मुक्या होतात.

वेळ हाही मुद्दा आहे. हा डेक जिंकतो तो समोरच्याचा गठ्ठा संपवून. रिकाम्या गठ्ठ्यातून उचलायची वेळ आली की तो हरतो, पण तोवर पन्नासेक कार्डं संपवायची असतात. समोरच्याला हा प्रकार कंटाळवाणा वाटू शकतो, आणि त्याचा मान राखला पाहिजे. आमच्यात ठरलंय: मी कंदील आणणार असलो तर आधी सांगतो, आणि डाव हातातून गेला हे दोघांना दिसलं की पुढचा डाव पिसायला घेतो. चौघांच्या कमांडर खेळात मी कंदील घालत नाही. शंभर कार्डांचे तीन गठ्ठे एका श्रेडरने आवरत नाहीत, आणि चौघांचीही वरची कार्डं उघडी पडली की फायदा ज्याची पाळी आधी येते त्याला होतो.

आता प्रत्यक्ष वस्तूबद्दल. ‘फिफ्थ डॉन’पासून आर्टिफॅक्ट कार्डांची चौकट गडद करड्या रंगाची झाली, त्याआधीच्या मिरोडिनमधली आर्टिफॅक्ट्स पांढऱ्या कार्डांसारखी दिसायची. आमच्याकडे पावसात वीज गेली की इन्व्हर्टरच्या एका बल्बवर डाव चालतो, तेव्हा हा फरक खूप उपयोगी पडतो. फॉइल घेऊ नका. कोकणच्या हवेत फॉइलचा कागद ओल धरतो, चकाकीचा थर धरत नाही, आणि कार्ड कमानीसारखं वाकतं. वाकलेलं कार्ड गठ्ठ्यात कुठे आहे ते बाजूनेच ओळखू येतं, आणि वरचं कार्ड हाच सगळा खेळ असलेल्या डेकमध्ये ते चालायचं नाही. साधं कार्ड, त्याला आतून घट्ट आणि बाहेरून जाड असं दुहेरी स्लीव्ह. डबीत सिलिका जेलच्या पुड्या. गोळ्यांच्या डब्यांतून निघणाऱ्या मी टाकत नाही, अड्ड्यावर सगळ्यांना वाटतो. स्लीव्ह ओलसर झाले की एकमेकांना चिकटतात आणि एकाऐवजी दोन कार्डं उलटतात, म्हणून खेळायला बसण्याआधी गठ्ठा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. पंखा सुरू असेल तर उताण्या कार्डावर काहीतरी वजन ठेवा.

घ्यायचा क्रम असा ठेवा: आधी चार कंदील, मग तीन श्रेडर, तीन घंटा, मग ड्युरेस आणि प्रोपगँडा. अकॅडमी रुइन्स एक पुरे. ब्रिजसाठी थांबू नका. मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर हा डेक त्याच्यावाचून खेळता येतो. सुट्टी कार्डं ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून पाठीचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो मागवा. मला एकदा पावसाळ्यात नुसत्या कागदी पाकिटात आलेला श्रेडर कडेने फुगलेला होता. तेव्हापासून मी ऑर्डर देतानाच प्लॅस्टिकच्या कडक पाकिटात पाठवा असं लिहून देतो.